दूध संकलनाच्या नोंदींसाठी एक्सेलमध्ये स्वतःचे कंट्रोल : प्रकल्प नोंदी

आमच्या गावच्या दूध संस्थेचे संकलन एक्सेलच्या मॅक्रो फाइलवर, म्हणजे आत कोड लिहिलेल्या फाइलवर, चालते. सकाळ आणि संध्याकाळ मिळून रोज साधारण १८० नोंदी होतात आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांचे बिल निघते. या फाइलमधला नोंदीचा फॉर्म मी नव्याने केला. त्या कामाची टिपणे येथे तारखेनुसार देत आहे, कारण असाच फॉर्म करू पाहणाऱ्या इतरांचा वेळ वाचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१३ जुलै २०२४

संस्थेचा जुना संगणक बंद पडला आणि त्याच्या जागी नवा लॅपटॉप आला. त्यावर ६४ बिटचे ऑफिस आहे. जुनी फाइल उघडून नोंदीचा फॉर्म सुरू करताच, हवी असलेली वस्तू या संगणकावर उपलब्ध नाही, असा संदेश आला आणि फॉर्म उघडलाच नाही. कारण लवकरच लक्षात आले. तारीख निवडण्याचा जुना कंट्रोल (फॉर्मवरचा बटण किंवा चौकट यांसारखा घटक) एमएसकॉमसीटी२.ओसीएक्स या फाइलमधून येत होता आणि ती फाइल फक्त ३२ बिटच्या ऑफिसमध्ये चालते. हे कळल्यानंतरही ती सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकून तिची नोंदणी करून पाहण्यात मी दोन तास घालवले. नोंदणी झाल्याचा संदेश आला, पण फॉर्म उघडला नाही आणि तो उघडणे शक्यही नव्हते.

ऑफिस काढून ३२ बिटचे बसवणे हा एक मार्ग होता. मात्र पुढचा संगणक आला की हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार होता. म्हणून बाहेरचा एकही कंट्रोल वापरायचा नाही आणि ऑफिसबरोबर येणाऱ्या लेबल, टेक्स्टबॉक्स, लिस्टबॉक्स आणि फ्रेम यांतूनच लागेल ते घडवायचे, असे ठरवले. तोपर्यंत नोंदी वहीत सुरू झाल्या होत्या.

१४ जुलै

कोड लिहिण्याआधी सकाळच्या संकलनाला टेबलाशेजारी घड्याळ घेऊन बसलो. नोंद घेणाऱ्या ताईंचा डावा हात नमुन्याच्या बाटल्यांवर आणि उजवा हात आकड्यांच्या कीपॅडवर असतो. नजर पडद्यावर नसून फॅट मशीनच्या डिस्प्लेवर आणि काट्यावर असते. उत्पादक क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि एंटर असा क्रम असतो. जुन्या फॉर्ममध्ये एका नोंदीला सरासरी १४ सेकंद लागत होते, असे ताईंनी पूर्वी मोजून ठेवले होते, आणि त्यातला बराचसा वेळ दशांश चिन्ह आणि माऊस यांवर जात होता.

ताई म्हणाल्या, “सर, पॉइंटचं बटण दाबायला मला वेळच नसतो. पस्तीस दाबलं की साडेतीन कळलं पाहिजे.”

पुढच्या सगळ्या कामाची दिशा या एका वाक्याने ठरली. पाच गोष्टी लागतील अशी यादी केली: कॅलेंडर, सकाळ-संध्याकाळचा बदल, उत्पादकाचा शोध, लिटरची चौकट, आणि फॅट व एसएनएफ यांच्यासाठी दशांश स्वतः लावणारी चौकट. लिटरच्या चौकटीबद्दल मी आज पुरेसा विचार केला नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. ते ४ ऑगस्टच्या नोंदीत आहे.

१७ जुलै

कॅलेंडर सुरू केले. सात स्तंभ आणि सहा ओळी अशी ४२ लेबले फॉर्म सुरू होताना कंट्रोल्स.ॲड वापरून तयार केली. महिन्याच्या पहिल्या तारखेचा वार काढून तेथून आकडे भरले. शेवटची तारीख काढण्यासाठी वेगळा हिशेब लागत नाही. डेटसीरियल या तारीख बनवणाऱ्या फंक्शनला पुढचा महिना आणि शून्य हा दिवस दिला की चालू महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो आणि लीप वर्षही आपोआप सांभाळले जाते.

प्रत्येक लेबलासाठी क्लिकचा वेगळा कोड लिहायचा नव्हता, म्हणून क्लास मॉड्यूलमध्ये (एकाच प्रकारच्या अनेक वस्तूंसाठी एकदाच लिहिलेल्या कोडमध्ये) विथइव्हेंट्स, म्हणजे क्लिकसारख्या घटना (इव्हेंट) ऐकण्याची सोय, लावून एक लेबल जाहीर केले आणि ४२ लेबले त्या क्लासच्या वस्तूंना जोडली. फॉर्म उघडला, पण एकाही तारखेवर क्लिक केले तरी काही घडेना. दीड तास मी क्लासमधल्या कोडमध्ये चूक शोधत होतो. प्रत्यक्षात चूक जोडणीच्या जागी होती. लूपमध्ये प्रत्येक वेळी एकाच व्हेरिएबलमध्ये नवी वस्तू ठेवली जात होती, त्यामुळे आधीची वस्तू नष्ट होत होती आणि केवळ ४२वे लेबल जिवंत राहत होते. जुलै २०२४ सोमवारी सुरू झाला. रविवारपासून मांडलेल्या कॅलेंडरमध्ये ४२वा चौकोन रिकामाच राहतो, आणि रिकाम्या चौकोनावर क्लिक करून पाहण्याचे मला सुचले नाही.

उपाय एका ओळीचा आहे. फॉर्मच्या पातळीवर एक कलेक्शन (वस्तूंची यादी) जाहीर करावे आणि प्रत्येक वस्तू त्यात टाकावी. फॉर्म उघडा असेपर्यंत कलेक्शन त्या सगळ्या वस्तू धरून ठेवते.

२० जुलै

आज मराठी अक्षरांचा दिवस. व्हीबीए या मॅक्रोच्या भाषेचा संपादक युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) जाणत नाही. कोडमध्ये “सोम” लिहिले की प्रश्नचिन्हे उमटतात, आणि प्रॉपर्टीच्या खिडकीत कॅप्शन मराठीत लिहिले तरी तेच होते. विंडोजमध्ये नॉन-युनिकोड प्रोग्रामसाठी असलेली भाषा बदलून पाहिली. उपयोग झाला नाही, कारण देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचे कोडपेजच (अक्षरांचा तक्ता) नाही. मात्र फॉर्म चालू असताना लेबलाला किंवा टेक्स्टबॉक्सला मराठी मजकूर दिला तर तो व्यवस्थित दिसतो. म्हणजे अडचण मजकूर दाखवण्यात नसून तो लिहून ठेवण्यात आहे.

म्हणून “शब्द” नावाची एक शीट केली. पहिल्या स्तंभात कंट्रोलचे नाव आणि दुसऱ्यात मराठी मजकूर ठेवला, आणि फॉर्म सुरू होताना तेथून कॅप्शन भरून घेतले. या शीटचा जास्तीचा फायदा असा झाला की ताईंना एखादा शब्द खटकला तर त्या तो स्वतः बदलू शकतात. मी “उत्पादक संकेतांक” असे लिहिले होते, त्यांनी दुसऱ्याच दिवशी ते “नंबर” केले आणि तेच योग्य होते.

फॉर्मच्या वरच्या पट्टीतले शीर्षक आणि मेसेजबॉक्स या दोन ठिकाणी मात्र प्रश्नचिन्हेच येत राहिली. शीर्षकासाठी विंडोजची एपीआय, म्हणजे विंडोजची आतली फंक्शने, वापरण्याचा मार्ग आहे, पण तेवढ्यासाठी फाइलमध्ये एपीआयची गुंतागुंत आणावी असे मला वाटले नाही. पट्टीवर संस्थेचे नाव रोमन अक्षरांत ठेवले आणि मराठी शीर्षक फॉर्मच्या आत मोठ्या लेबलात घेतले. मेसेजबॉक्स पूर्णपणे काढून टाकला आणि फॉर्मच्या तळाशी सूचनेची एक पट्टी केली. हा बदल नाइलाजाने झाला, तरी त्याने काम सुधारले, कारण मेसेजबॉक्स बंद करण्यासाठी लागणारा जास्तीचा एंटर वाचला.

फाँट निर्मला यूआय ठेवला. लेबलांची उंची रोमन अक्षरांच्या हिशेबाने १२ पॉइंट होती, त्यामुळे “मार्च”वरचा रफार आणि “सप्टेंबर”वरचा अनुस्वार अर्धा कापला जात होता. उंची १८ पॉइंट केल्यावर दोन्ही पूर्ण दिसू लागले. महिन्याचे नाव वाचता येत होते म्हणून हे दोन दिवस माझ्या नजरेतून सुटले होते.

२१ जुलै

माऊस ज्या तारखेवर असेल तिचा रंग बदलावा अशी इच्छा होती. लेबलाला माऊस आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा इव्हेंट नाही, फक्त माऊस हलल्याचा आहे. प्रत्येक हालचालीला रंग द्यायला लागलो तेव्हा सगळे कॅलेंडर लुकलुकू लागले. शेवटचा चौकोन कोणता होता ते लक्षात ठेवून, चौकोन बदलला तरच रंग बदलायचा, असे केल्यावर ते थांबले. माऊस बाहेर गेला हे ओळखण्यासाठी मागच्या फ्रेमच्या हालचालीचा इव्हेंट वापरला.

दुसरी अडचण अधिक फसवी होती. पुढच्या महिन्याच्या बाणावर भराभर क्लिक केले की दर दुसरे क्लिक वाया जात होते. याचे कारण असे की लागोपाठ आलेले दुसरे क्लिक हे क्लिक न राहता डबलक्लिक ठरते आणि क्लिकचा इव्हेंट येतच नाही. बाणांच्या क्लासमध्ये डबलक्लिकच्या इव्हेंटलाही तेच काम करायला लावले. लेबलातून बटण करणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच करून ठेवावे.

२४ आणि २५ जुलै

फॅट आणि एसएनएफ यांची चौकट. नियम सरळ आहे: जे अंक टाइप होतील त्यांतला शेवटचा अंक दशांशानंतरचा धरायचा. ३५ म्हणजे ३.५, ८५ म्हणजे ८.५, आणि म्हशीच्या दुधाला १०२ म्हणजे १०.२. कोणी ४ असा एकच अंक टाकला तर तो ०.४ होऊन मर्यादेबाहेर जातो आणि चौकट लाल होते. अशा वेळी ४.० अभिप्रेत असेल असे समजून आपणच दुरुस्ती करावी का, यावर मी बराच विचार केला आणि करू नये असे ठरवले. फॅटचा आकडा उत्पादकाच्या पैशाचा असतो, तो अंदाजाने भरण्याचा अधिकार फॉर्मला असू नये.

पहिला प्रयत्न असा होता की की-प्रेसच्या इव्हेंटमध्ये ४८ ते ५७ या कोडांखेरीज सगळे अडवायचे. ताईंनी दुपारी पत्र टाइप करून कीबोर्ड मराठीवरच ठेवला होता. संध्याकाळी वरच्या ओळीतले आकडे दाबले तेव्हा चौकटीत काहीच उमटेना, कारण ते देवनागरी आकडे माझ्या गाळणीत अडकत होते. ही गाळणी काढली आणि शुद्धीकरण चेंज या इव्हेंटमध्ये नेले. देवनागरी शून्य ते नऊ यांचे युनिकोड क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत. त्यांतून २३५८ वजा केले की इंग्रजी आकड्याचा क्रमांक मिळतो. बाकी अक्षरे गाळायची. चेंजमध्ये मजकूर बदलला की चेंज पुन्हा चालतो, म्हणून “सध्या आपणच बदलत आहोत” अशी खूण एका बूलियनमध्ये (हो किंवा नाही साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवावी लागते. ती विसरल्यामुळे एक्सेल एकदा पूर्ण अडकले आणि न जतन केलेले अर्ध्या तासाचे काम गेले.

यानंतर मोठा अडथळा आला. चौकटीतून बाहेर पडताना आकडा ३.५ असा मांडायचा होता, पण क्लास मॉड्यूलमध्ये विथइव्हेंट्सने जोडलेल्या टेक्स्टबॉक्सला एंटर, एक्झिट, बिफोरअपडेट आणि आफ्टरअपडेट हे इव्हेंट मिळत नाहीत. ते टेक्स्टबॉक्सचे स्वतःचे नसून त्याला धरणाऱ्या फॉर्मकडून येतात. ते मिळवण्याची एपीआयची युक्ती आहे आणि ती मी चालवूनही पाहिली. तिच्यासाठी क्लासची फाइल बाहेर काढून तिच्यात लपलेल्या ओळी हाताने घालाव्या लागतात, आणि माझ्यानंतर ही फाइल हाताळणाऱ्या माणसाला त्या ओळी संपादकात दिसणारही नाहीत. म्हणून ती सोडली. फॉर्मच्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक चौकटीसाठी एक्झिटची एकेक ओळ लिहिली आणि ती ओळ क्लासमधल्या कामाला हाक मारते. हे देखणे नाही, पण वाचणाऱ्याला लगेच कळते.

२८ जुलै

वर-खाली बाणांच्या कळांनी फॅट ०.१ ने कमी-जास्त करण्याची सोय केली. तयार स्पिनबटण केवळ पूर्णांक जाणते, म्हणून स्वतःच कळा पकडल्या. तपासताना एक विचित्र गोष्ट दिसली: ३.८ फॅटला दर सापडेना. हाताने ३८ टाकले की दर येई, पण ३.५ वरून बाण तीनदा दाबून ३.८ केले की दरपत्रकात आकडा नाही असे उत्तर येई. ३.६ आणि ३.७ ला काहीच अडचण नव्हती.

पडद्यावर दोन्ही ३.८ सारखेच होते. संगणकात मात्र ०.१ ही संख्या नेमकी साठवता येत नाही. तिसऱ्या बेरजेला साचलेला फरक दरपत्रकातल्या ३.८ पेक्षा सोळाव्या अंकात वेगळा ठरत होता, आणि माझा लूप दोन डबल (दशांश असलेल्या) संख्यांची तुलना बरोबर या चिन्हाने करत होता. राउंड लावून हे झाकता आले असते. त्याऐवजी मी फॅट आणि एसएनएफ सगळीकडे दहापट करून लाँग या पूर्णांकात ठेवले: ३८, ८५, १०२. दरपत्रकाची तुलनाही पूर्णांकांनीच होते आणि दशांश चिन्ह फक्त दाखवताना येते. ताई मुळात असेच आकडे दाबत होत्या. दशांशाचा घोळ मीच मध्ये आणला होता.

३० जुलै

कालपासून वही आणि फॉर्म दोन्हींवर नोंदी सुरू केल्या आहेत. आज नावाने शोधण्याचा कंट्रोल जोडला: वर टेक्स्टबॉक्स, खाली लिस्टबॉक्स, आणि टाइप होईल तशी यादी गाळली जाते. दोनशेच्या आसपास नावांना वेगाचा प्रश्न येत नाही.

“कुऱ्हाडे” हे आडनाव मात्र सापडेना. यादीत डोळ्यांना दिसत असलेले नाव शोधात येत नव्हते. अक्षरांचे क्रमांक एकेक करून छापले तेव्हा उलगडा झाला. यादीत ते र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा पद्धतीने टाइप झालेले होते, तर ताईंच्या कीबोर्डवरून नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त येत होते. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. आता शोधण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर एका फंक्शनमधून जातो. ते २३५२, २३८१, ८२०५ हे तीन क्रमांक सलग दिसले की त्यांच्या जागी २३५३ आणि २३८१ ठेवते. ॲ हे अक्षरही दोन प्रकारे लिहिले जाते, म्हणून त्याचीही तशीच सोय केली. मूळ यादीतली नावे बदलली नाहीत, कारण बँकेच्या यादीशी ती जुळवावी लागतात.

१ ऑगस्ट

आजची चूक गंभीर होती आणि ती तीन दिवस माझ्यापासून लपून राहिली होती. सकाळच्या सर्व नोंदी ८ जानेवारी २०२४ या तारखेला जमा झाल्या. मी कॅलेंडरच्या चौकटीतला मजकूर, म्हणजे ०१/०८/२०२४, जसाच्या तसा सेलमध्ये लिहीत होतो. मॅक्रोमधून सेलला मजकूर दिला की एक्सेल तो अमेरिकी पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस, असा वाचते. विंडोजची सेटिंग भारतीय असली तरी. २९, ३० आणि ३१ जुलैच्या नोंदी पडद्यावर बरोबर दिसत होत्या, कारण २९ हा महिना असूच शकत नाही. तारखेचा कोणताही कोड तपासताना बाराच्या आतली तारीख घ्यावी, हे मला माहीत असायला हवे होते.

आता कॅलेंडरचा कंट्रोल निवडलेली तारीख डेट प्रकारातच स्वतःजवळ ठेवतो. चौकटीतला मजकूर फक्त वाचण्यासाठी आहे आणि सेलमध्ये जाते ती तारीख, मजकूर नव्हे. जोडीला दोन बंधने घातली: उद्याची तारीख निवडता येत नाही, आणि ज्या दहा दिवसांचे बिल निघाले आहे त्यांचे चौकोन राखाडी होतात. सकाळच्या नोंदी वहीवरून ताडून हाताने दुरुस्त केल्या. त्यात दोन तास गेले.

४ ऑगस्ट

लिटरच्या चौकटीलाही मी फॅटचाच क्लास लावला होता, कारण तो तयार होता. काट्यावर १२.५ दिसले की ताई १२५ दाबत आणि ते बरोबर बसे. आज काट्यावर नेमके १२.० लिटर आले. फॅटच्या चौकटीत सवय असूनही येथे हाताने १२ दाबले गेले, आणि फॉर्मने १.२ लिटर नोंदवले. १.२ लिटर ही अशक्य गोष्ट नाही, घरचे उरलेले दूध घालणारे उत्पादक आमच्याकडे आहेत, म्हणून मर्यादेची तपासणी गप्प राहिली.

ज्यांचे दूध होते ते आजोबा पावती घेऊन घरी गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. त्यांनी पावती टेबलावर ठेवली, बोट त्या आकड्यावर ठेवले आणि एवढेच म्हणाले, “बाळा, एवढं तर वासरूच पितं.” वहीत १२ लिटर होते, त्यामुळे नोंद लगेच दुरुस्त झाली आणि बिलावर परिणाम झाला नाही. पण वही नसती आणि त्यांनी पावती वाचली नसती, तर त्यांच्या घरातल्या एका वेळच्या दुधाचे जवळजवळ सगळे पैसे गेले असते.

संध्याकाळच्या संकलनाआधी लिटरची चौकट वेगळी केली. तिच्यात दशांश आपोआप लागत नाही. १२ म्हणजे १२ आणि १२.५ साठी चिन्ह दाबावेच लागते. पार्श्वभूमीचा रंगही वेगळा दिला. याशिवाय त्या उत्पादकाच्या मागच्या सहा नोंदींच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त लिटर आले, तर चौकट पिवळी होते आणि सूचनेच्या पट्टीत सरासरी दिसते. नोंद अडवली जात नाही, कारण गाय आटते आणि वितेही. फक्त दुसरा एंटर मागितला जातो. सवयीला जुळणारा कंट्रोल करायचा असेल तर प्रत्येक चौकटीची सवय वेगळी पाहायला हवी, आणि मी १४ तारखेला टेबलाशेजारी बसूनही लिटरकडे पाहिले नव्हते.

७ ऑगस्ट

दिवसाच्या शेवटी एक्सेल मंद होते अशी तक्रार होती. फॉर्म दिवसातून वीस-तीस वेळा उघडला आणि मिटला जातो. क्लास नष्ट होताना चालणाऱ्या इव्हेंटमध्ये एक ओळ छापायला लावली आणि फॉर्म बंद केला. एकही ओळ छापली गेली नाही. फॉर्मचे कलेक्शन क्लासच्या वस्तूंना धरून होते आणि प्रत्येक वस्तू फॉर्मला धरून होती. दोघांनी एकमेकांना धरल्यामुळे कोणीच मोकळे होत नव्हते आणि प्रत्येक वेळी जुना फॉर्म मेमरीत तसाच राहत होता. फॉर्म बंद होण्याच्या क्वेरीक्लोज इव्हेंटमध्ये आधी प्रत्येक वस्तूकडचा फॉर्मचा संदर्भ नथिंग (रिकामा) केला आणि मग कलेक्शन नथिंग केले. त्यानंतर फॉर्म मिटताच सगळ्या ओळी एकापाठोपाठ छापल्या गेल्या. काम वीस मिनिटांचे होते. कारण शोधायला एक संध्याकाळ लागली.

सकाळ-संध्याकाळचा बदलही आज पुरा केला. दोन लेबलांचा तो सुंदर दिसणारा खटका होता, पण लेबलाला फोकस मिळत नाही, त्यामुळे कीबोर्डवरून तो बदलता येत नव्हता. फॉर्मच्या पातळीवर कळ पकडण्याची सोय युजरफॉर्ममध्ये नाही, म्हणून प्रत्येक चौकटीच्या क्लासमध्ये एफ२ ही कळ पकडली. वेळ पाहून आपोआप बदल करणे मात्र काढून टाकले. वीज गेल्यामुळे सकाळच्या नोंदी बारा वाजून गेल्यावर भरल्या जातात, आणि तेव्हा त्या संध्याकाळच्या ठरत होत्या. आता घड्याळ फक्त फॉर्म उघडताना पाहिले जाते आणि निवडलेली वेळ मोठ्या अक्षरांत दिसते.

११ ऑगस्ट

१ ते १० ऑगस्टचे बिल वही आणि फाइल यांवरून वेगवेगळे काढले. दोन फरक आले. एक वहीतल्या बेरजेचा होता. दुसरा माझा: एका पिवळ्या चौकटीची नोंद चुकीच्या लिटरसह जतन झाली होती. ताईंना विचारले तर त्यांनी दुसरा एंटर दिलाच नव्हता. एंटर जरा जास्त वेळ दाबला गेला, कीबोर्डने तो आपोआप पुन्हा पाठवला आणि फॉर्मने तो होकार समजला. खात्री करून घेण्याची कळ आणि पुढे जाण्याची कळ एकच ठेवणे ही चूक होती. आता पिवळ्या चौकटीला कीपॅडवरची अधिक चिन्हाची (+) कळ लागते.

१८ ऑगस्ट

शेजारच्या गावातील संस्थेने फाइल मागितली. व्हॉट्सॲपवरून पाठवली तर त्यांच्या संगणकावर लाल पट्टी येऊन मॅक्रो बंद झाले. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो २०२२ सालापासून ऑफिस असे अडवते. फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक केल्यावर ती चालली. त्यांच्या लॅपटॉपचा पडदा १२५ टक्क्यांवर असल्याने फॉर्मची उजवी कडा कापली जात होती. मी मांडणी फॉर्मच्या बाहेरच्या रुंदीवरून केली होती, ती आतल्या, म्हणजे इनसाइडविड्थच्या, मापावरून केली. नुसता फॉर्म बाहेर काढून देणाऱ्यांनी एफआरएमबरोबर एफआरएक्स ही जोडफाइलही द्यावी. पहिल्यांदा मी ती दिली नव्हती आणि त्यांच्याकडे फॉर्म आलाच नाही.

आतापर्यंतचा वेळ साधारण ५५ तास आणि खर्च एका वेगळ्या कीपॅडचा, ४५० रुपये.

२५ ऑगस्ट

पुन्हा घड्याळ घेऊन सकाळच्या संकलनाला बसलो. एका नोंदीला आता सरासरी नऊ सेकंद लागतात. क्रमांक, फॅट आणि एसएनएफ ताई पडद्याकडे न पाहता भरतात. लिटरच्या चौकटीत मात्र पूर्वीइतकाच वेळ जातो, तेथे त्या थांबून काट्याकडे आणि मग पडद्याकडे पाहतात. ती चौकट आहे तशीच ठेवली आहे.